सासूबाईंचं सामानघर

माझ्या सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा त्यांना बासष्टावं लागलं होतं आणि त्यांच्याबरोबर दोन पेट्या होत्या. एकीत कपडे. दुसरी मी उचलायला गेलो तर हात खांद्यातून निखळायची वेळ आली. आत पितळी बिल्ले होते, एकेका नंबराचे दोन-दोन. सव्वीस वर्षं त्यांनी बसस्थानकाच्या सामानघरात नोकरी केली होती. प्रवाशाने सामान आणून ठेवायचं, एक बिल्ला सामानाला लागायचा आणि त्याचा जोडीदार प्रवाशाच्या हातात जायचा. पुढे सामानघर बंद झालं, तिथं मोबाइलचं दुकान आलं आणि बिल्ले भंगारात निघाले. बाईंनी ते मागून घेतले. कशाला, असं मी विचारलं तर म्हणाल्या, टाकवले नाहीत.

आमचं दुकान समुद्राच्या काठाला आहे. डायव्हिंगला, म्हणजे पाण्याखाली पोहायला येणाऱ्यांना आम्ही हवेचे सिलिंडर भरून देतो. रबरी पोशाख, मास्क, कमरेला बांधायची शिशाची वजनं भाड्याने देतो. आमच्या किनाऱ्याची खुबी अशी की पाण्यात उतरायला इथं होडीची गरज नाही. गाडी खडीवर लावायची, तिथंच कपडे बदलायचे, सिलिंडर पाठीला बांधून वीस पावलं चाललं की पाणी, आणि पाण्यात थोडं पुढे गेलं की खडकाची सरळ उतरती भिंत, तिच्यावर नाना रंगांचे मासे. माणसं सुट्टी काढून लांबून येतात ती याचसाठी.

चोरही याचसाठी येत. गाडीचा मालक तासभर पाण्याखाली. हाक मारली तरी त्याला ऐकू जाणार नाही. तो बाहेर येणार असला की आधी त्याचे बुडबुडे दिसतात. चोराला आणखी काय हवं? आठवड्याला दोन-तीन गाड्यांच्या काचा फुटायच्या, किल्ल्या जायच्या, पाकिटं जायची. गिऱ्हाइकं आमच्याकडे येऊन चिडायची. म्हणून मी मोठ्या अक्षरांत पाटी रंगवून घेतली होती: आपल्या सामानाची जबाबदारी आपली.

सासूबाईंनी आल्या दिवशीच ती वाचली. "ही पाटी कुणासाठी आहे, जावईबापू? चोरासाठी असेल तर छान आहे," एवढं बोलून त्या आत गेल्या.

पहिले दोन महिने त्यांनी आमचं घर सरळ केलं. डबे नंबराने लागले. चपला जोडीने, टाचा भिंतीकडे करून ठेवायच्या असा नियम झाला. माझी बायको, त्यांची एकुलती एक लेक, मला एकदा हळूच म्हणाली की आईला काहीतरी काम शोधायला हवं, नाहीतर ती आपल्या दोघांच्या गळ्यात बिल्ले बांधेल. मी दुकानातलं काम सुचवून बघितलं. त्यांनी तीन दिवसांत वजनं, पट्टे, मास्क असे लावून टाकले की मला काही सापडेना आणि त्यांना सगळं सापडे.

मग ती मास्तरांची गोष्ट झाली.

एक शाळामास्तर आणि त्यांची बायको आठवड्याच्या सुट्टीवर आले होते. दोघं साधी, नीटनेटकी. सगळे ठेवतात तशी त्यांनीही गाडीची किल्ली टायरवर ठेवली आणि पाण्यात गेले. बाहेर येऊन बघतात तो गाडी जागेवर, पण आत काही नाही. कपडे, फोन, पाकीट, बूट, किल्ली, सगळं गेलं. मास्तरांचा चष्मासुद्धा. त्यांचा नंबर एवढा मोठा होता की चष्म्याशिवाय त्यांना मी आणि सिलिंडर यांत फरक दिसत नव्हता. तापलेल्या डांबरावरून, अनवाणी, अंगातल्या ओल्या रबरी पोशाखासकट ती दोघं चालत दुकानापर्यंत आली. बायकोने त्यांचा हात धरला होता.

मास्तर चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते चिडले नाहीत, शरमले होते. चूक माझीच, किल्ली तिथं ठेवायला नको होती, असं पुन्हापुन्हा म्हणत राहिले. सासूबाईंनी त्यांच्या पायात माझ्या चपला घातल्या, दोघांना चहा दिला आणि शेजारी बसून सगळं ऐकून घेतलं. संध्याकाळी जेवताना ताट पुढे घेऊन तशाच बसून राहिल्या.

"सव्वीस वर्षांत माझ्याकडची एक छत्री हरवली नाही," त्या म्हणाल्या. "आणि इथं माणसाचा डोळ्यावरचा चष्मा जातो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एक खुर्ची आणि एक मोठी छत्री घेऊन किनाऱ्यावर जाऊन बसल्या. चार दिवस नुसत्या बसून बघत होत्या. मला वाटलं, समुद्र बघतायत, बरं आहे, हवा तरी मिळेल. पाचव्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं आणि चार दिवसांचा हिशेब दिला. माणसांना लपवायला चारच जागा सुचतात, त्या म्हणाल्या: टायरवर, गाडीजवळच्या दगडाखाली, बुटात आणि टॉवेलात. लपवण्याआधी सगळे इकडेतिकडे बघतात, म्हणजे चोराला कळतं की आता काहीतरी लपवलं जाणार. आणि पाण्याकडे जाताना सगळे एकदा तरी वळून त्या जागेकडे बघतात. "म्हणजे स्वतःच बोट दाखवून जातात, जावईबापू."

आणखी एक गोष्ट त्यांनी पाहिली होती. गाड्या लावतात तिथल्या बांधावर एक टोपीवाला रोज नऊ ते बारा गळ टाकून बसायचा. त्याला मी वर्षभर ओळखत होतो, येता-जाता हात करायचो. चार दिवसांत त्याच्या बादलीत पाण्याचा थेंब नाही, बुडाला धूळ आहे, असं सासूबाईंचं म्हणणं. मासा लागलाच तर हा ठेवणार कशात?

मी उठून चौकीवर गेलो. तिथले जमादार भले गृहस्थ होते, पण त्यांनी मला सरळ सांगितलं की कोरडी बादली घेऊन बसणं हा गुन्हा नाही. मी तोंड पाडून परत आलो. सासूबाईंचं तोंड काही पडलं नाही. त्याच्या शेजारी बसणं हाही गुन्हा नसेलच की, त्या म्हणाल्या.

सहाव्या दिवशी त्यांनी आपली खुर्ची त्या टोपीवाल्याच्या अगदी शेजारी, दीड हातावर मांडली. मला धीर निघेना. चहाचा थर्मास द्यायचं निमित्त करून मी तिथं गेलो आणि उगाच घुटमळत राहिलो.

"मासे लागतात का इथं?" सासूबाईंनी त्याला विचारलं.

"लागतात कधीमधी. नशिबाचा भाग आहे."

"बादलीत पाणी भरा थोडं. नशिबालाही जरा खात्री वाटेल."

तो हसला, पण ओठांपुरतंच. सासूबाईंनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्याच्यापुढे केला. त्याने घेतला.

"मी आता रोज येणार आहे," त्या म्हणाल्या. "नऊ ते बारा, तुमच्याच वेळेला. इथंच बसेन. मला दुसरं काम नाही आणि नजर अजून चांगली आहे."

"मावशी, मला चोर समजताय का तुम्ही?"

"मी काही समजत नाही बाबा. मी नुसती शेजारी बसते."

दोन दिवस तो हट्टाने आला. सासूबाईंनी त्याच्याशी हवापाण्याच्या, गुडघेदुखीच्या, महागाईच्या गप्पा मारल्या. तो उठला की याही पाय मोकळे करायला उठायच्या. तिसऱ्या दिवशी त्याने बांधाच्या टोकाशी उभं राहून खुर्ची पाहिली आणि तिथूनच माघारी गेला. पुढे तो दुसऱ्या कुठल्या किनाऱ्यावर पकडला गेला असं कानावर आलं. खरंखोटं मला ठाऊक नाही.

मी खुश झालो. सासूबाईंना त्यात विशेष वाटलं नाही. "एक ढेकूण मारून भागत नाही," त्या म्हणाल्या. "खाट उन्हात टाकावी लागते."

खाट उन्हात टाकायची म्हणजे काय ते पुढच्या महिन्यात कळलं. किनाऱ्यालगत आमची एक जुनी खोली होती, तिथं फुटके पाइप आणि गंजलेले पट्टे पडलेले असत. ती त्यांनी रिकामी करून घेतली. भिंतीला खुंट्या मारल्या, फळीवर झाकणाच्या टोपल्या मांडल्या, दारात आडवं टेबल टाकलं आणि पेटीतले बिल्ले बाहेर काढले. डायव्हरने आपली किल्ली, फोन, चष्मा, कपडे टोपलीत ठेवायचे, एक बिल्ला टोपलीला आणि दुसरा दोरीने त्याच्या सिलिंडर अडकवायच्या जॅकेटला. भिंतीवरच्या फळ्यावर बिल्ल्याचा नंबर आणि बाहेर यायची वेळ खडूने लिहायची. वेळ कशाला लिहायची, मी विचारलं. सामानघरात गाडीची वेळ विचारतात, त्या म्हणाल्या, म्हणजे कुणाचं सामान आधी हाताशी हवं ते कळतं.

मी बराच विरोध केला. पाटी लावून मी अंग काढून घेतलं होतं. या बाईंनी सगळ्या किनाऱ्याचं ओझं आपल्या डोक्यावर घेतलं. उद्या काही हरवलं म्हणजे? "हरवलं तर काय, असा विचार करत बसणाऱ्याकडे हरवतंच," एवढंच उत्तर मिळालं. त्याच आठवड्यात माझी पाटी उतरली. मागची बाजू कोरी होती, तिचाच भिंतीवरचा फळा झाला.

सामान घेऊन गप्प बसायचा त्यांचा स्वभाव नव्हता. येणाऱ्या प्रत्येकाची शिकवणी व्हायची. पासपोर्ट आणि महत्त्वाचे कागद मुक्कामाच्या खोलीत कुलपात ठेवा, इथं नुसती झेरॉक्स आणा. अंगठ्या, साखळ्या घरी ठेवा, माशांना त्याचं काही नाही. चांगले बूट आणू नका, तुटक्या चपला घालून या, चोराला दया आली पाहिजे. गाडी पूर्ण रिकामी करा, पुढचा कप्पा उघडा टाका आणि काचा खाली करा. हे ऐकून लोक दचकायचे. तेव्हा त्या समजावायच्या की कुलूप दिसलं की चोराला आशा वाटते. उघड्या, रिकाम्या घरात तो डोकावतो आणि पुढे जातो. साधी लोखंडी किल्ली असेल तर खुशाल गळ्यात बांधून पाण्यात न्या, पण हल्लीच्या बटणाच्या किल्लीला खारं पाणी लागलं की तिचा जीव जातो, ती माझ्याकडे द्या. संध्याकाळी ओले पोशाख मुक्कामाच्या गॅलरीत वाळत घालू नका, सकाळी नुसती दोरी मिळेल. ते आमच्या दुकानात आतल्या दोरीवर टांगा.

पहिल्या मोसमात काचा फुटायचं प्रमाण निम्म्याने खाली आलं. दुसऱ्या मोसमात गावातला काचवाला मला थांबवून अर्धवट चेष्टेत म्हणाला की तुमच्या सासूबाईंनी माझ्या पोटावर पाय आणला.

बिल्ल्याशिवाय टोपली द्यायची नाही हा नियम मात्र लोखंडी. एकदा एक धिप्पाड गृहस्थ बाहेर आले आणि बिल्ला पाण्यात पडला म्हणाले. सासूबाईंनी त्यांना टोपलीत काय-काय आहे ते विचारलं. फोन, पाकीट, शर्ट, टॉवेल. टॉवेलचा रंग कुठला? निळा असेल. नाही. पांढरा? नाही. शर्टाला खिसे किती? तेही येईना. माणूस खरा होता, मी त्यांना ओळखत होतो, पण मध्ये बोलायची माझी टाप नव्हती. शेवटी मागून त्यांच्या बायको आल्या आणि टॉवेल तपकिरी, एका कोपऱ्याला चहाचा डाग, शर्टाला एकच खिसा आणि त्याचं बटण मागच्या महिन्यात मीच लावलंय, असं एका दमात सांगून टोपली घेऊन गेल्या. पुढच्या वेळी बिल्ला यांच्याकडे द्या, सासूबाई गृहस्थांना म्हणाल्या.

त्यांच्याविषयी सांगायची खरी गोष्ट तिसऱ्या वर्षी घडली.

एक दातांचे डॉक्टर आणि त्यांच्या बायको सकाळी दहाच्या सुमाराला पाण्यात उतरले. त्यांचा बिल्ला सतरा नंबर, फळ्यावर वेळ अकरा. सव्वाअकराला सासूबाई दुकानात आल्या. सहसा त्या आपली खोली सोडत नसत. सतरा नंबर आला नाही, त्या म्हणाल्या.

मी सिलिंडर भरत होतो. येतील, रमले असतील, असं म्हणालो. पंधरा-वीस मिनिटं मागेपुढे होतातच. काहींना हवा कमी लागते, ती जास्त वेळ खाली राहतात, कुणी किनाऱ्यावर येऊन पाण्यात पाय सोडून बसतात. खरं सांगायचं तर मला हातातलं काम टाकायचं नव्हतं.

"ही माणसं रमणारी नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "चष्मा डबीत, डबी मोज्यात, मोजा बुटात. एवढं करणारा माणूस अकरा म्हणाला की पावणेअकराला येतो. आणि बाईंनी बिस्किटांचा पुडा फोडून सगळ्यात वर ठेवलाय. म्हणाल्या, मला साखरेचा त्रास आहे, ती एकदम उतरते, बाहेर आल्याआल्या खावं लागतं. जिला वेळेवर खायचं असतं ती उशीर करत नाही. उठा."

मी उठलो. किनाऱ्यावर येऊन पाहिलं तर पाण्यावर बुडबुडे कुठेच नव्हते. पण पाण्याचा रंग बदलला होता. डावीकडच्या खडकाच्या टोकाकडे पाण्याला ओढ लागली होती, वरचा फेस सरळ रेघेत तिकडे चालला होता. सकाळी ती नव्हती. मी बंदरातल्या होडीवाल्याला फोन लावला. नशिबाने तो होडीतच होता. दहा मिनिटांत त्याने होडी काठाला आणली. मी चढत होतो तेवढ्यात सासूबाई गुडघाभर पाण्यात आल्या आणि बिस्किटांचा पुडा आणि गोड चहाचा थर्मास माझ्या हातात कोंबला.

टोकाला वळसा घालून आम्ही पलीकडे गेलो. तिथं उभा, तासलेला कडा आहे, वर चढायला जागा नाही. त्याच्या पायथ्याशी एका कपारीला दोघं धरून होती. ओढीने त्यांना टोकापलीकडे आणून टाकलं होतं. हवा संपत आली म्हणून ती वर आली, पण पोहून परतता येईना. डॉक्टरांनी एका हाताने खडक धरला होता आणि दुसऱ्याने बायकोला. खडकाने त्यांचा पंजा सोलून निघाला होता. बाईंची मान पडत होती, हाक मारली तर भलतंच काहीतरी बोलत होत्या. आम्ही त्यांना होडीत ओढलं. गिळता येतंय ना ते डॉक्टरांनी आधी बघितलं, मग थोडा-थोडा चहा पाजला, मग बिस्किटं. पाच-सात मिनिटांनी बाईंनी डोळे नीट उघडले आणि विचारलं की हा पुडा तर माझ्या टोपलीत होता, इथं कसा?

आणखी अर्धा तास गेला असता तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी मला त्या दिवशी सांगितलं आणि मी इथं सांगत नाही.

होडी किनाऱ्याला लागली तेव्हा सासूबाई टेबलामागे आपल्या जागी बसल्या होत्या. डॉक्टर सोललेल्या हाताने त्यांच्या पाया पडायला वाकले. सासूबाईंनी त्यांना मध्येच धरलं आणि आधी बिल्ला मागितला. डॉक्टरांनी जॅकेटचा बिल्ला सोडून दिला, त्यांनी टोपली पुढे सरकवली, फळ्यावरचा सतरा पुसला. मग टेबलाला वळसा घालून बाहेर आल्या आणि त्या बाईंना पोटाशी धरून बराच वेळ उभ्या राहिल्या.

त्या दिवसापासून फळ्यावरची वेळ हा आमचा कायदा झाला. सांगितलेल्या वेळेवर पंधरा मिनिटं झाली की शिट्टी, पंचवीस झाली की होडी. पाच वर्षांत होडी तीनदा गेली. दोनदा माणसं पाण्याच्या काठावर गप्पा मारत सापडली आणि त्यांनी सासूबाईंची बोलणी खाल्ली. तिसऱ्यांदा एकाच्या पायात गोळा आला होता, त्याला सुखरूप आणलं.

आता त्या सत्तरीच्या आहेत. मध्यंतरी मी खोलीत कॅमेरा बसवू का असं विचारलं, तर खुशाल बसवा म्हणाल्या, चोरी झाल्यावर बघायला बरा.

मागच्या महिन्यात शेजारच्या किनाऱ्यावरच्या दुकानदाराने निरोप पाठवला. तिथंही काचा फुटायला लागल्यात, तुमच्या आजींनी येऊन आमच्या दोन बायकांना शिकवावं. सासूबाई आठवडाभर रोज बसने तिकडे गेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी त्या दोघींना सामानाला हातही लावू दिला नाही, नुसतं बांधावर बसवून लोकांकडे बघायला लावलं. नंतर दहा टोपल्या मांडायच्या, दोघींनी एकदा बघून पाठ करायची आणि कुठल्या टोपलीत काय ते सांगायचं, अशी तालीम घेतली. एकीला तिसऱ्या दिवशी जमलं. दुसरी पाचव्या दिवसापर्यंत चुकत होती आणि चुकली की हसत होती.

शनिवारी त्या घरी आल्या, पाय गरम पाण्यात सोडून बसल्या आणि लेकीला म्हणाल्या की उंच आहे ती पक्की आहे, सोमवारपासून तिला टेबल दिलंय. बुटकी फार बोलते. पण ती गिऱ्हाइकाला नावाने ओळखते, कोण एकटा आलाय ते तिला आधी कळतं, म्हणून तिलाही ठेवून घ्यायला सांगितलंय. मग त्यांनी मला दुकानात आज किती जण उतरले ते विचारलं. बावीस, मी म्हणालो. सगळे वर आले ना, त्यांनी विचारलं. आले म्हटल्यावर त्यांनी पाय पुसले आणि जेवायला चला म्हणाल्या.